मांजराच्या हाती नारळ

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएमसाठी केलेला मांजर-उंदराचा पहिला लघुपट १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित झाला. त्याचे नाव 'पुस गेट्स द बूट'. त्यात टॉम नाही आणि जेरीही नाही. बोक्याला 'जॅस्पर' म्हणून हाक मारली जाते, उंदराला पडद्यावर नावच नाही. लघुपटाच्या नावात मात्र एक कोटी आहे. 'पुस इन बूट्स' ही बूट घालणाऱ्या चतुर बोक्याची जुनी युरोपीय कथा. तो बोका अक्कलहुशारीने आपल्या गरीब धन्याचे नशीब उजळवतो. एमजीएमच्या बोक्याच्या वाट्याला बूट येतो तो पेकाटात. इंग्रजीत 'गेट द बूट' म्हणजे कामावरून हाकलले जाणे. आपल्याकडे सांगायचे तर बोक्याच्या हाती नारळ मिळतो.

जगातल्या या बहुधा सर्वांत लोकप्रिय व्यंगपट-मालिकेची सुरुवात अशी नोकरी जाण्याच्या गोष्टीने झाली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'टॉम अँड जेरी'बद्दल मराठीत जे काही बोलले जाते, त्याचा सूर ठरलेला असतो : लहान उंदीर, मोठे मांजर, शक्तीवर युक्तीची मात. हे चूक नाही, पण अपुरे आहे. शक्ती विरुद्ध युक्ती हा मामला पंचतंत्रापासून चालत आलेला आहे आणि त्याची शेकडो रूपे विस्मरणात गेली आहेत. हेच रूप का टिकले? माझ्या मते त्याचे उत्तर उंदरापेक्षा बोक्याकडे आहे. हे लघुपट 'पाळीव' असण्याच्या अस्थिरतेबद्दल आहेत. ज्याला आपण दांडगा समजतो, तोच या घरात सर्वांत कच्च्या पायावर उभा आहे.

फुटण्याचा आवाज

पहिला लघुपट जेमतेम नऊ मिनिटांचा आहे. सुरुवातीला जॅस्पर चक्क दुष्ट आहे. तो उंदराची शेपटी धरून त्याला पळू देतो आणि मागे खेचतो. भिंतीवर शाईने बिळाचे खोटे दार काढतो, त्यात शिरू पाहणारा उंदीर भिंतीवर आदळतो. इथवर आपली सहानुभूती पूर्णपणे उंदराकडे आहे. मग धावपळीत एक कुंडी फुटते. घर सांभाळणारी बाई येते आणि बजावते की आणखी एक जरी वस्तू फुटली, तरी जॅस्परने घराबाहेर जायचे.

या एका वाक्यासरशी तराजू फिरतो. उंदराने ते ऐकलेले असते. तो टेबलाच्या कडेशी जातो, एक काचेचा ग्लास उचलतो आणि नुसता हातातून सोडून देण्याचा आव आणतो. जॅस्पर जागच्या जागी थिजतो. त्याच्या नख्या आणि दात तसेच आहेत, वजनही तेवढेच आहे, पण आता त्यांचा काही उपयोग नाही. तो सगळ्या जमिनीवर उशा अंथरतो. उंदीर बशा फेकू लागतो, बोका त्या झेलत राहतो, हातांवर बशांचा मनोरा चढत जातो. हात अडकलेल्या त्या बोक्याच्या दुधात उंदीर पोहून घेतो, त्याच्याच शेपटीला अंग पुसतो आणि निघताना एक लाथ घालतो. पुढे काय होणार ते सांगायला नको. शेवटी बोका बाहेर जातो आणि उंदीर आपल्या बिळापुढे घराच्या सुखाची पाटी लावतो.

या प्रसंगातले खरे हत्यार आवाज आहे. ग्लास फुटल्याने कोणाला इजा होत नाही, पण तो आवाज वरच्या मजल्यावर पोहोचतो. व्यंगपटात आवाज सहसा मारामारीला साथ देतो. इथे शांतता टिकवणे हेच बोक्याचे काम होऊन बसते आणि पाहणारा श्वास रोखून बशा मोजू लागतो. संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी पुढे या मालिकेत पावलागणिक, पापणीगणिक सूर बसवण्याची जी शैली विकसित केली, तिचे बीज या जागेत आहे. हॅना-बार्बेरांना ही युक्ती आवडली असावी. १९४५ च्या 'क्वाएट प्लीज'मध्ये स्पाइक हा बुलडॉग झोपेत व्यत्यय आणल्याबद्दल टॉमला तंबी देतो आणि जेरी मिळेल ते वाजवत सुटतो. त्या लघुपटाला ऑस्कर मिळाले.

एकाच धमकीची अनेक रूपे

पहिला लघुपट चालला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, पण श्रेयनामावलीत हॅना-बार्बेरांची नावे नव्हती. तिथे नाव होते रुडॉल्फ आयझिंग यांचे. विभागप्रमुख फ्रेड क्विम्बी यांना त्याच जोडीवर आणखी लघुपट काढण्यात फारसा रस नव्हता. टेक्ससमधल्या चित्रपटगृह व्यवसायातल्या एका बाईंनी मांजर-उंदराचे आणखी लघुपट कधी येणार असे पत्राने विचारले आणि मग चक्रे हलली, असे बार्बेरा सांगत. पुढे १९५८ पर्यंत या दोघांचे ११४ लघुपट आले. त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळाले. ही पारितोषिके स्वीकारायला निर्माते म्हणून क्विम्बी जात.

हे लघुपट प्रदर्शनाच्या क्रमाने पाहू लागले की एक गोष्ट ठळक होते. घराबाहेर काढण्याची धमकी ही केवळ पहिल्या गोष्टीपुरती सोय नव्हती. 'अ माउस इन द हाउस' (१९४७) मध्ये घरात दोन बोके खात आहेत आणि उंदीर तरीही मोकळा आहे, म्हणून दोघांपैकी एकालाच ठेवायचे ठरते. 'माउस क्लीनिंग' (१९४८) मध्ये बाई बाजारातून परत येईपर्यंत घर स्वच्छ राहिले नाही, तर टॉमची गच्छंती आहे. 'स्लीपी-टाइम टॉम' (१९५१) मध्ये रात्रभर मित्रांसोबत उंडारून आलेल्या टॉमला दिवसा डुलकी घेण्याची बंदी आहे. झोपलेला दिसला की काम गेले. 'पेट पीव्ह' (१९५४) मध्ये नवे मालक-जोडपे घरखर्चाचा हिशेब करते, कुत्रा आणि मांजर दोघांना पोसणे परवडत नाही असे ठरते आणि जो उंदीर पकडेल तो राहील अशी अट घातली जाते. घरांची सजावट बदलते, माणसे बदलतात, अट तीच राहते.

यांतले दोन लघुपट विशेष आहेत. 'ओल्ड रॉकिंग चेअर टॉम' (१९४८) मध्ये टॉम म्हातारा झाला असे ठरवून त्याच्या जागी लाइटनिंग नावाचा तरणाबांड नारिंगी बोका आणला जातो. नावाप्रमाणे तो विजेसारखा आहे. तो उंदराला क्षणात बाहेर फेकतो आणि टॉमलाही. उघड्यावर पडलेले दोन जुने वैरी मग एकत्र येतात. लाइटनिंगच्या पोटात कपड्यांची इस्त्री जाईल अशी व्यवस्था करतात आणि लोहचुंबकाने त्याला घरभर नाचवून त्याची बेइज्जती करतात. या लघुपटात हसू येते, पण जुन्या नोकराला 'आता तुम्ही आराम करा' असे सांगण्यातला गोड क्रूरपणा अचूक पकडलेला आहे.

'पुश-बटन किटी' (१९५२) त्याच्याही पुढे जातो. आता टॉमच्या जागी यंत्रमांजर येते. ते खात नाही, झोपत नाही, केस गाळत नाही, बटण दाबले की उंदीर बाहेर. टॉम बोचके बांधून निघतो. जेरी खेळण्यातले यांत्रिक उंदीर सोडतो आणि त्यांच्या मागे लागून यंत्रमांजर घराचा चुराडा करते. टॉमला परत बोलावले जाते. इथे गोष्ट सुखान्त होऊ शकली असती. पण फुटलेल्या यंत्राचे भाग टॉमच्या पोटात जातात आणि बटण दाबले की तोही यंत्रासारखा धावत सुटतो. जागा परत मिळाली, पण यंत्राच्या अटींवर. सत्तर वर्षांपूर्वीच्या या सात मिनिटांवर आज भाष्य करण्याची गरज नाही.

खाली कोण?

'अंडरडॉग' हा शब्द मूळचा कुत्र्यांच्या झुंजीतला. खाली चीत झालेला कुत्रा तो अंडरडॉग. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. 'दुबळा' म्हणावे तर त्यात झुंज नाही, 'पराभूत' म्हणावे तर निकाल आधीच लागलेला. आपण त्याला 'पडत्या बाजूचा' म्हणू. मग या घरात पडत्या बाजूचा कोण?

नेहमीचे उत्तर जेरी. आकार पाहिला, तर ते खरे आहे. आणि टॉमचा जाच पाहिला तर त्याला सहानुभूती का द्यावी, हा आक्षेपही रास्त आहे. पण मालकी पाहिली की चित्र बदलते. जेरीचे बीळ त्याचे स्वतःचे आहे. त्याला कोणी ठेवलेले नाही, त्यामुळे त्याला कोणी काढूही शकत नाही. तो चोरून खातो आणि निर्धास्त झोपतो. टॉमला टोपली आहे, उशी आहे, बशीत दूध आहे, आणि यांतले काहीही त्याचे नाही. उंदीर अनधिकृत असूनही कायम आहे, बोका अधिकृत असूनही हंगामी.

मराठीतले 'पाळणे' हे क्रियापद इथे फार उपयोगी पडते. आपण कुत्रा पाळतो, मांजर पाळतो. तसेच वेळ पाळतो, शिस्त पाळतो, पथ्य पाळतो. एकच क्रियापद पोसण्यासाठीही आहे आणि बंधनात राहण्यासाठीही. टॉमला घराने पाळलेले आहे आणि टॉमने घराचे नियम पाळायचे आहेत. दुसरे चुकले की पहिले संपले. टॉमच्या प्रत्येक लघुपटाचा सांगाडा या दोन अर्थांच्या मधल्या जागेत उभा आहे.

त्यातही एक पेच आहे. टॉमचे काम उंदीर पकडणे. पण उंदीर खरोखरच संपला, तर बोक्याची गरज काय? 'द लोन्सम माउस' (१९४३) हा पेच उलट्या बाजूने सोडवून दाखवतो. जेरी डाव रचून टॉमला घराबाहेर घालवतो, आनंदाने नाचतो, आणि थोड्याच वेळात त्याला करमेनासे होते. मग तोच टॉमशी संधान बांधतो. उंदराने धुमाकूळ घातल्याचे नाटक करायचे, म्हणजे बाई घाबरून बोक्याला आत बोलावतील. एरवी मूक असणारी ही जोडी या लघुपटात चक्क कुजबुजते. उंदराला मांजर साक्ष ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. दोघे मिळून घराला हे पटवून देतात की दोघांचेही असणे आवश्यक आहे. यानंतर त्यांच्या पाठलागाकडे पुन्हा पाहिले, की त्यात वैराइतकाच एकमेकांचा रोजगार सांभाळण्याचा भाग दिसू लागतो.

चेहरा नसलेली बाई

हे सगळे मान्य केले, तरी एका गोष्टीला बगल देता येत नाही. पहिल्या बारा वर्षांत टॉमला धमकावणारी ती बाई कृष्णवर्णीय आहे. अभ्यासक तिला 'मॅमी टू शूज' या नावाने ओळखतात. तिचा आवाज बहुतांशी लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. आपल्याला दिसतात ती तिची पावले, मोजे, परकराचा घेर आणि हातातला झाडू. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. १९५० च्या 'सॅटरडे इव्हनिंग पुस'मध्ये तो निसटता दिसून जातो. पहिल्याच लघुपटात ती 'आउट' शब्दाचे स्पेलिंग चुकीचे सांगते आणि प्रेक्षकाने तिथे तिला हसावे अशी योजना आहे. ही चित्रणपद्धती वर्णद्वेषी साच्यातून आलेली आहे. त्याविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनेने त्या काळातच आवाज उठवला होता. 'पुश-बटन किटी' हा तिचा शेवटचा लघुपट.

तारखांचा एक योग नोंदवण्यासारखा आहे. 'पुस गेट्स द बूट' प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. त्या समारंभात त्यांना आपल्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले होते. म्हणजे ज्या समाजात अशी बाई पारितोषिक घेतानाही आतल्या टेबलावर बसू शकत नव्हती, त्याच समाजाच्या व्यंगपटात तीच बोक्याला 'बाहेर हो' म्हणते. काही लघुपटांत ती घराची मालकीण वाटते, काहींत स्पष्टपणे दुसऱ्याच्या घरात राबणारी. दुसऱ्या अर्थाने पाहिले, तर फुटलेल्या बशीचा जाब तिलाही कोणाला तरी द्यायचा असणार. तिची भीती दाखवावी असे मात्र लघुपटकर्त्यांना कधी वाटले नाही. बोक्याच्या असुरक्षिततेवर एवढी माया उधळणारी ही मालिका त्या बाईच्या बाबतीत आंधळी राहिली. साठच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी तिच्या जागी गोरी बाई रंगवण्यात आली, पुढे आवाजही बदलले गेले. खाडाखोडीने दोष झाकला गेला आणि इतिहासही.

दार आणि मार

तंत्राच्या अंगाने चेहरा न दाखवण्याचा एक परिणाम होतो, तो वेगळा काढून पाहायला हवा. दृश्य बोक्याच्या उंचीवरून दिसते. टेबलाचा खालचा भाग, खुर्च्यांचे पाय, दाराची फट. सत्ता वरून येते आणि तिचा मूड वाचायला चेहरा उपलब्ध नसतो, फक्त पावलांचा आवाज असतो. वॉर्नर ब्रदर्सच्या 'फीड द किटी' (१९५२) मध्ये चक जोन्स यांनी हीच जागा अत्यंत हळुवारपणे वापरली. मार्क अँथनी या राक्षसी बुलडॉगच्या पाठीवर एक इवलेसे मांजराचे पिल्लू निवांत झोपते आणि तो विरघळतो. मालकिणीने मात्र घरात आणखी एकही वस्तू आणायची नाही असे बजावलेले आहे. तो पिल्लाला लपवत राहतो. ते पिठात मिसळून भट्टीत गेले, असा त्याचा समज होतो. मालकीण त्याचे सांत्वन करायला मांजराच्या आकाराचे बिस्किट देते आणि तो रडत ते बिस्किट आपल्या पाठीवर ठेवतो, जिथे पिल्लू झोपत असे. स्वतः पाळीव असलेल्याने दुसऱ्याला पाळायला जावे आणि त्यासाठी त्याच्या हाती काही अधिकार नसावा, ही कल्पनाच हृदय पिळवटणारी आहे. शेवटी पिल्लू सुखरूप निघते आणि ठेवून घेण्याची परवानगी मिळते. परवानगी, हा शब्द इथे महत्त्वाचा.

याच्या उलट उदाहरण टॉमच्याच पुढच्या आयुष्यात सापडते. एमजीएमचा व्यंगपट विभाग बंद झाल्यावर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले. त्यांतल्या 'डाउन अँड आउटिंग' आणि 'हाय स्टेक्स'मध्ये टॉमला एक जाडजूड, संतापी मालक आहे. त्याचा रागाने लाल झालेला चेहरा आपल्याला पूर्ण दिसतो आणि तो टॉमला बेदम मारतो. हे लघुपट पाहताना हसू गोठते. जेरीने टॉमच्या डोक्यावर इस्त्री टाकली तर आपण हसतो, मालकाने हात उगारला की हसत नाही. कारण पहिली मारामारी बरोबरीच्यांची आहे, टॉम पुढच्या क्षणी उठून उभा राहतो. दाराबाहेर जाण्याची भीती हसण्यात मुरवता येते, धन्याच्या मारात हसण्यासारखे काहीच नसते. या मालिकेची गोडी कशावर तोलली गेली होती, हे ती बिघडली तेव्हा सर्वांत स्पष्ट दिसले.

भीती हसण्यात मुरवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण 'हेवनली पुस' (१९४९). पियानोखाली सापडून टॉम मरतो आणि सोनेरी सरकत्या जिन्याने स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो. तिथे मेलेल्या मांजरांची रांग आहे, एक कारकून-मांजर प्रत्येकाची नोंद तपासत आहे. रांगेतून एक ओले पोते उड्या मारत येते. त्याचे तोंड उघडते आणि आतून तीन पिल्ले बाहेर पडतात. कारकून काही लोकांच्या करणीबद्दल हळहळतो आणि त्यांना आत सोडतो. एवढेच. काही सेकंदांत लघुपट पुढे जातो. टॉमला मात्र जेरीच्या माफीची सही आणल्याशिवाय प्रवेश नाही.

लहानपणी ते पोते कोणाच्या लक्षात येत नाही. मोठेपणी पाहिले की लक्षात येते की नको असलेली पिल्ले पोत्यात बांधून पाण्यात टाकतात. टॉमच्या बशीतले दूध आणि ते पोते यांच्यात फक्त कोणाच्या तरी मर्जीचे अंतर आहे. सगळ्या मालिकेत कधी न उच्चारलेली गोष्ट तिथे एकदाच, कुठलाही गहिवर न काढता, सांगून टाकलेली आहे.

१९५७ मध्ये एमजीएमने आपला व्यंगपट विभाग बंद केला. जुने लघुपट पुन्हा प्रदर्शित केले तरी जवळजवळ तेवढेच उत्पन्न मिळते, मग नवे कशाला, असा साधा हिशेब होता. सात ऑस्कर मिळवून देणाऱ्या जोडीला आणि त्यांच्या चित्रकारांना एका फोनने घरी पाठवण्यात आले. हॅना-बार्बेरांनी लगेच स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर त्यांची पहिली मालिका आली, 'द रफ अँड रेडी शो'. त्यात एक कुत्रा आणि एक मांजर होते, आणि या वेळी ते मित्र होते.

भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले आणि टॉम आपल्या दिवाणखान्यांत शिरला. त्याला भाषेची अडचण पडली नाही, कारण तो बोलतच नव्हता. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजी-आजोबांनाही पाठलाग कळला, आणि पाठलाग सुरू असताना टॉमचे कान वरच्या मजल्यावरच्या पावलांकडे का लागलेले असतात, तेही कळले. ज्याने कधी दुसऱ्याच्या मर्जीवर घर चालवले आहे, त्याला ते कळायला शब्द लागत नाहीत.